प्रूफवरची सही

"पाय पुन्हा बघा, बेन," जशुभाई म्हणाले. "सारस ताठ उभा पाहिजे. हा पडायला आलाय."

राखीने माउस सरकवला. पडद्यावर एका पायावर उभा असलेला सारस पक्षी होता. जशुभाईंनी आणलेल्या झेरॉक्सवर तो इतका फुटला होता, की मान कुठे संपते आणि चोच कुठे सुरू होते हे त्या सारसालाही सांगता आलं नसतं. कॉम्प्युटरच्या कोरल प्रोग्रॅममध्ये त्याच्यावरून रेषेरेषेने नवा पक्षी काढायचा होता. म्हणजे मग तो लेबलावर नखाएवढा छापा नाहीतर दुकानाच्या पाटीवर माणसाएवढा, कड कुठेच फाटणार नाही.

"सारस छाप म्हणजे आमचं नाक," जशुभाई खुर्चीत रेलून म्हणाले. "बायका नाव वाचत नाहीत, हे चित्र बघून साडी घेतात. माझ्या मिलचा मार्को आहे, आमची निशाणी, मला एकदम चोख्खा जोइए."

शहाण्णव साल होतं. रिंग रोडवरच्या या डीटीपीच्या दुकानात दोन कॉम्प्युटर होते आणि त्यातल्या जुन्यावर राखी चार महिने लग्नपत्रिका टाइप करत होती. आज पहिल्यांदाच तिला नवा मिळाला होता. दुकानाचे मालक दिलीपसर सकाळीच म्हणाले होते, "हे चित्र पास झालं तर तू कायम. नाही झालं तर मला बाहेरून माणूस आणावा लागेल."

कोसाडच्या घरात कमावणारी आता ती एकटीच होती. तिचे वडील श्रीपत लाकडावर छापाचे ठसे कोरायचे, एकाच मिलसाठी, वीस वर्षं. दिवाळीच्या आधी त्यांच्यावर आळ आला की त्यांनी दुसरा ठसा कोरून बाहेर विकला. "हाऊ ठसा मन्हा नही," एवढंच ते सांगत राहिले. कोणी ऐकलं नाही. तेव्हापासून त्यांनी पटाशी हातात धरली नव्हती आणि गल्लीतून जाताना मान वर केली नव्हती. राखीला ते बघवत नसे. पोरगी कायम झाली की ती मान जरा वर होईल, अशी तिची आई चंद्रभागा आशा धरून होती.

राखीचा हात वडिलांचाच होता. कॉम्प्युटरने चित्राभोवती आपोआप रेषा वळवणारी सातशे टिंबं घालून ठेवली होती. तिने ती सगळी पुसली आणि चाळीस टिंबांत पक्षी बसवला. मान एका दमात खाली उतरली. पाय सरळ झाला. दिलीपसर दोनदा उगाचच मागून फिरून गेले आणि दुसऱ्या वेळी चहा सांगून आले. या माणसाने चहा सांगितला म्हणजे काम जमलंच होतं.

"एक विचारायचं होतं," राखी म्हणाली. "गुडघ्यापाशी ही बारीक फट आहे. ठेवू?"

"झेरॉक्सचा डाग आहे तो."

"डागाच्या कडा इतक्या सरळ नसतात. ठेवू का?"

"अरे बेन, माझा मार्को मला माहीत नाही?" जशुभाई हसले.

दिलीपसरांनी डोळे वटारले. गिऱ्हाइकाशी हुज्जत त्यांना खपत नसे. तरी राखीने शेवटचं विचारून घेतलं. "छपाईची फिल्म निघाली की काही बदलता येणार नाही. ठेवू की बुजवू?"

"बुजवा. एकदम साफ."

राखीने फट बुजवली.

प्रूफ निघालं. जशुभाईंनी ते लांब धरलं, जवळ धरलं, खिडकीच्या उजेडात नेलं. "वाह," ते म्हणाले. "जुन्यापेक्षा चांगला झाला."

एका पत्रिकेत नवरदेवाच्या जागी सासऱ्याचं नाव छापलं गेल्यापासून प्रूफवर गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता आणि सही घ्यायचा दुकानाचा नियम होता. मोठ्या गिऱ्हाइकाला दिलीपसर तो माफ करत. राखीने केला नाही. "खाली 'सारस छापचे मालक' असंही लिहा," ती म्हणाली. "रुबाबदार दिसतं." जशुभाईंनी ते झोकदार गुजरातीत लिहिलं. त्यांनी आणलेली झेरॉक्स राखीने प्रूफला मागून टाचली. तोही नियमच होता.

"उद्यापासून नवा कॉम्प्युटर तुझा," जशुभाई गेल्यावर दिलीपसर म्हणाले. "आता घरी जा. पेढे घेऊन जा."

जाण्याआधी राखीने फायलीतल्या त्या दोन्ही कागदांच्या झेरॉक्स काढून पर्समध्ये ठेवल्या. पहिल्या मोठ्या कामाची आठवण कोणीही जपून ठेवतं.

घरी पोचल्यावर तिने आईच्या हातात पेढा ठेवला. वडिलांना मात्र म्हणाली, "बाबा, चांगला शर्ट घाला. एका ठिकाणी पेढे द्यायला जायचंय."

"कोनले?" श्रीपतने विचारलं.

"चला तर."

दुपार कलताना दोघं कडोदऱ्याला पोचले. ज्या मिलच्या फाटकातून श्रीपतला बाहेर काढलं होतं, त्याच फाटकातून राखी त्यांना आत घेऊन गेली. काचेच्या केबिनमध्ये सारस छापचे मालक बसले होते. ते जशुभाई नव्हते. राखीने पर्समधून काढून दिलेले दोन्ही कागद त्यांनी पुन्हा पुन्हा उलटसुलट करून पाहिले, खालचं नाव आणि पत्ता वाचला, आणि मग उठून श्रीपतसाठी स्वतःच्या हाताने खुर्ची ओढली.

"ती फट तुझ्यामाझ्यातली खूण होती, श्रीपतभाई," ते खाली बघत म्हणाले. "नकली साडीवर ती दिसली, म्हणून मला वाटलं ठसा तूच कोरलास."

"तुमच्याच छापाची झेरॉक्स काढून ते नकली छापत होते, म्हणून ती फट आपोआप येत होती, शेठ. उद्यापासून नाही येणार," राखी म्हणाली. "ठेवू का म्हणून मी त्यांना तीनदा विचारलं. मालक असते तर बुजवू दिली असती?"