शेपूट जड

रिमोटवरचं छोटं विमान पुन्हा मागे कललं. विठूने पंखांखाली दोन बोटं धरली होती. नाक वर, शेपूट खाली.

"नाकात शिशाचा तुकडा घालू?" जावयाने, ओमकारने विचारलं.

"नको. जड झालं तर उडायचं नाही. शेपूट घासून हलकी करा, बॅटरी पुढे घ्या."

विठूची उभी हयात बोटीच्या इंजिनात गेली होती. जावयाच्या या हौसेत तो रमलाय, असं तो दाखवत तरी होता.

आतल्या खोलीत ईशा आईला पेज भरवत होती. दमयंतीला माणसं ओळखू येईनाशी झाल्यापासून लेक रोज दुपारी सासरहून यायची. विठू तेव्हा पडवीतच बसे. नवऱ्याला पाहिलं की दमयंती भिंतीला चिकटायची. या आजारात असं होतं, असं डॉक्टर म्हणाले होते.

काल ईशाच्या दंडावर काळेनिळे वळ दिसले होते. गळ्यावर नखांचे ओरखडे.

"दारावर आपटले," ती म्हणाली आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं. ओमकारने मान खाली घातली. विठूला तेवढं पुरलं.

ओमकारने शेपूट पॉलिशपेपरने घासली, बॅटरी नाकाशी नेऊन बसवली. विमान बोटांवर आडवं, निश्चल राहिलं.

"आलं बघा, बाबा. काही न वाढवता."

"आता मोटर बघू. नाक घट्ट धरा. अजून पुढे."

"रिमोट बंद आहे ना?"

"माझ्याच हातात आहे."

विठूने खटका पुढे ढकलला. नाकावरच्या पात्यांनी ओमकारची बोटं हाडापर्यंत कापली. भिंतीवर रक्त उडालं. तो सावरायच्या आत विठूने पाना उचलून त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडलं. मग दुसरं मनगट. मग बरगड्यांत लाथा, दम लागेपर्यंत.

"माझ्या पोरीवर हात टाकतोस?" विठूचा आवाज चढलाही नव्हता. "आता टाक."

ईशा उष्ट्या हाताने धावत आली आणि नवऱ्यापाशी कोसळली.

"सांगू नको," ओमकार कसाबसा पुटपुटला. "बाबांना सोसायचं नाही."

विठूने लेकीकडे पाहिलं. तिचा ओठ फुटला होता. रक्त अजून ओलं होतं.

"हे कोणी केलं?"

"आईने. मला तुम्ही समजून मारते ती, बाबा."