तळ्याचं तापमान

“बाबा, तुम्हाला माझ्यापेक्षा मासे जास्त आवडतात का?”

प्रश्न युन-चनच्या मैत्रिणींनी दिला होता. विचारून दाखवलास तर आठवडाभर दूधचहा आमच्याकडून, अशी पैज. युन-चननं कॉम्प्युटरवरची नजर न काढता विचारून टाकला.

बाबा तळ्याकाठच्या पत्र्याच्या खोलीत गुडघ्याला मलम चोळत बसले होते. त्यांनी जरा विचार केला.

“मासे उलट उत्तरं देत नाहीत,” ते म्हणाले.

“आवडणारच,” आई जेवणाचा डबा ठेवत म्हणाली. “बारा वर्षं झाली, हिवाळाभर यांचा बिछाना माशांशेजारीच.”

आज रात्री थंडीची लाट येणार होती. पाणी दहा अंशांखाली गेलं की तळ्यात पाळलेले दूधमासे पोट वर करून तरंगायला लागतात. त्याआधी बोअरचं कोमट पाणी सोडावं लागतं. म्हणून बाबा रात्रभर तासातासानं उठायचे, लंगडत काठावर जायचे, थर्मामीटर बुडवायचे. युन-चनला हेच बंद करायचं होतं. तळ्याचं तापमान वाचणारी स्क्रिप्ट तिनं स्वतः लिहिली होती. तो आकडा फोनवर पाठवायचं आणि पाणी गार झालं की भोंगा वाजवायचं काम दुसऱ्या एका प्रोग्रॅमचं होतं.

तिनं स्क्रिप्ट हातानं चालवली. १५.८. प्रोग्रॅमला चालवायला लावली. बाबांच्या फोनवर नुसती रिकामी चौकट.

“तुझ्यासमोर पोपट, परक्यासमोर मुकी,” आई म्हणाली. “तूही अशीच होतीस. पाहुणे आले की गाणं बंद.”

बाबांचं लक्ष भलतीकडेच होतं. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून त्यांच्याकडे सगळेच त्याच्या डोक्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवतात, तसं एक पाकीट या कॉम्प्युटरवरही होतं.

“हे पिवळं कुणी आणलं?”

“हिरवं संपलं होतं दुकानात,” आई म्हणाली.

“अगं, पिवळं म्हणजे सिग्नलचा पिवळा दिवा. यंत्र अडणार नाही तर काय?” आणि ते स्कूटर काढून दुसऱ्या दुकानातून हिरवं आणायला गेलेसुद्धा.

युन-चननं स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली: जे काही बोलशील, तक्रारीसकट, ते सगळं या फाइलमध्ये लिही. प्रोग्रॅम पुन्हा चालवला. फाइल उघडली आणि हसायलाच लागली.

“आई, ही मुकी नाहीये. केव्हाची ओरडतेय. तापमान वाचायची आज्ञा सापडत नाही म्हणून. पण तक्रारी बाहेर पडतात मागच्या दारानं, आणि तो प्रोग्रॅम बसलाय पुढच्या दारात.”

“आणि तू बोलावलंस की बरी सापडते?”

“माझ्या घरात कुठलं कपाट कुठे आहे ते तिला माहीत असतं. त्याच्या घरात कोण सांगणार?”

“मग पूर्ण पत्ता दे की तिला.”

युन-चननं तेच केलं. आज्ञेचा पत्ता पहिल्या पायरीपासून लिहिला.

बाबा हिरवं पाकीट घेऊन आले. तारीख तपासली, दोन्ही हातांनी यंत्रावर ठेवलं. त्याच क्षणी फोन वाजला. १५.३.

“बघ,” बाबा म्हणाले.

युन-चननं तोंड उघडलं. आईनं तिच्याकडे पाहिलं. तिनं ते मिटलं.

दहा मिनिटांनी दुसरा आकडा आला. १५.१. बाबांनी आपला थर्मामीटर उचलला, काठावर गेले, बुडवला, मावळत्या उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले.

“पंधराच्या रेघेच्या किंचित वर,” परत येऊन ते हळूच म्हणाले. मग नेहमीसारखी कोपऱ्यातली रजई ओढून झटकायला लागले.

“आता हे कशाला?” आई म्हणाली. “पोरीनं दिलंय ना करून?”

“चांगलं दिलंय. पण नवीन माणसाला पहिल्या रात्री एकटं सोडतात का?”

युन-चननं त्यांच्या हातातली रजई काढून घेतली आणि आपल्या खांद्यावर टाकली.

“नाही सोडत. म्हणून आज इथं मी झोपणार आहे. तुम्ही दोघं घरी जा. भोंगा वाजला तर बोअरचा पंप मी सुरू करीन.”