गुरुवारची गाडी

डॉक्टरीणबाईंनी जीपची चावी दलालाच्या टेबलावर ठेवली आणि परत उचलली. मग पुन्हा ठेवली. दलालाचा जन्म जुन्या गाड्या विकण्यात गेला होता, त्याला अशी माणसं नवी नव्हती. ‘‘बाई, गाडी आहे ती, किडनी नाही,’’ तो म्हणाला. नवरा हसला. बाईही हसल्या, पण चावीवरून हात निघायला वेळ लागला.

जीप म्हातारी झाली होती, तरी चारही चाकांनी ओढणारी होती. डोंगरावरच्या वस्तीपर्यंत चढायची ती म्हणूनच. तिच्या बदल्यात मिळणारी गाडी लहानखुरी, दुसऱ्याच्या हातची आणि स्वस्तातली. आतल्या गादीला कुणा अनोळखी घराच्या अत्तराचा वास येत होता. चालायची मात्र लोण्यासारखी. हिला डोंगर तेवढा दाखवू नका, दलालाने बजावलं, क्लच जळेल.

नवऱ्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. जीप डिझेल पिते, निम्मा महिना गॅरेजात पडून असते, आणि तिच्या धक्क्यांनी बायकोची कंबर कामातून गेली आहे. आजाऱ्यांनी खाली दवाखान्यात यावं की. विहीर काय तहानलेल्याकडे चालत जाते, असं तो वर्षानुवर्षं विचारत आला होता. एरवी बाई त्याला चांगलं ठणकावून उत्तर द्यायच्या. या खेपेला मुकाट्याने हो म्हणाल्या, तेव्हा तोच जरा चपापला.

खरं कारण त्यांनी त्याला सांगितलंच नव्हतं. मागे एकदा वस्तीवरून उतरताना जीपचं मागचं चाक रस्त्याच्या कडेवरून सुटलं. जीप सावरली, बाई काही सावरल्या नाहीत. तेव्हापासून चढ समोर आला की हात कापायचे. भीती वाटते हे कबूल करायची लाज वाटत होती. त्यापेक्षा नवऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं सोपं होतं.

वस्तीवर फोन लागत नसे. बाई दर गुरुवारी जायच्या, आणि जीपचा आवाज हाच त्यांचा निरोप. म्हाताऱ्याने घसा खाकरावा तसा तो आवाज खालच्या वळणावरून वर पोचायचा. मग बायका हातातलं काम टाकून तापाने फणफणलेली पोरं कडेवर घ्यायच्या आणि रस्त्याला येऊन उभ्या राहायच्या. गाडीत कोण बसलंय हे कुणी बघत नसे. जीप आली म्हणजे बाई आल्या.

‘‘वर सांगितलंस ना?’’ दलालाकडून निघताना नवऱ्याने विचारलं.

‘‘सांगितलं,’’ बाई म्हणाल्या.

सांगितलं नव्हतं. शेवटचा एक गुरुवार करायचा आणि तेव्हा सांगायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. दलालाने तेवढी सवड दिली नाही. जीपला गिऱ्हाईक आधीच तयार होतं, डोंगरात जमिनी बघत फिरणारा एक ठेकेदार. तो त्याच दिवशी ती घेऊन गेला. बातमीला काय चाकं लागतात, बाईंनी स्वतःची समजूत घातली, जाईल आपोआप वर.

पहिले काही दिवस बरे गेले. कंबर दुखेना. नवरा त्यांना गाडीतून उगाच कुठे कुठे फिरवून आणी आणि मी सांगत नव्हतो का, असं म्हणे. मग गुरुवार आला. बाईंनी सकाळी सवयीने बॅग भरली आणि रिकामी केली. दिवसभर दवाखान्यात बसल्या. वस्तीवरून कुणीही उतरलं नाही. म्हणजे सगळे बरे असतील, त्या म्हणाल्या. रात्री मात्र त्यांनी बॅग पुन्हा भरून ठेवली.

शनिवारी भर दुपारी दवाखान्यातला फोन वाजला. ठेकेदार होता. घाटाच्या पायथ्याशी, जिथे रेंज येते तिथून बोलत होता. तो वर जमीन बघायला गेला होता. शेवटच्या वळणावर पाहतो तर रस्त्याच्या कडेला ही माणसं उभी, गुरुवारपासून कान लावून बसलेली. त्याने गाडी थांबवायच्या आत एका बाईने मागचं दार उघडलं, आजारी पोराला आत घेतलं आणि त्याला घेऊन मागे बसली. मी डॉक्टर नाही, हे त्याने तिला परोपरीने सांगितलं. ती काही उतरली नाही.

बाई खुर्चीवरून उठल्या. पोर श्वास कसा घेतंय, एवढंच त्यांनी विचारलं.

घरघर वाजतंय, ठेकेदार म्हणाला, पण डोळे उघडे आहेत.

‘‘आडवं करू नका. आईच्या मांडीवर बसतं ठेवा आणि थेट इकडे या,’’ बाई म्हणाल्या. कान आणि खांद्यात फोन धरून त्यांनी कपाटातून ऑक्सिजनची नळी काढली. ती सिलिंडरला जोडली. पोराला असं कधीपासून होतंय, हे विचारायचा त्यांना धीर झाला नाही. ठेकेदाराने आपणहून सांगितलं, बुधवारपासून.

जीप सुरू झाल्याचा आवाज फोनमधून आला. बाईंना वाटलं, आता तो फोन ठेवणार.

‘‘आणखी एक, बाई,’’ तो म्हणाला. ‘‘वर सगळे विचारत होते, स्वतःला जमलं नाही म्हणून बाईंनी तुम्हाला पाठवलं ना? मी हो म्हणून बसलोय. आता मला खोटं पाडू नका.’’