मोठी माणसं येतात

मुलीच्या सासरहून घाईघाईनं परतलेली शेवंताकाकी घरामागच्या परड्याच्या तोंडाशीच थबकली. माडाखाली पोफळी, पोफळींवर चढलेल्या काळ्या मिरीच्या वेली, खाली हळद-सुरण आणि मधल्या फटीत आपणहून उगवेल ते, असं तिचं परडं. "जंगल केलंस गो, तोडून काजू लाव," म्हणत गाव तिला जन्मभर हसलं. आज मात्र शहरातले तज्ज्ञ हेच जंगल बघायला येणार होते. त्यांना पटलं, तर इथली रोपं तालुकाभर जाणार होती.

आणि आता परडं या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख दिसत होतं. मिरवेली तुटून पडलेल्या, हळदीवर यंत्र फिरलेलं, पोफळींच्या बुंध्यांना चुना-गेरूचे पट्टे. मोठं माणूस यायचं म्हटलं की या गावात पहिली निघते ती कोयती.

"थँक्यू बिंक्यू नको हां काकी!" सरपंच बाबल घाम पुसत म्हणाला. "मोठी माणसं येतात, पायात काटा जायला नको. सकाळपासून गडी लावले."

पाहुणे आले. "बाग टापटीप आहे," त्यांतले म्होरके म्हणाले, "पण आम्हाला विविधता बघायची होती." शहाळी प्यायले आणि निघताना आठवण म्हणून काकीच्या हातात पिशवीतलं एक रोप ठेवून गेले. मिरवेलीचं.

"कुठं लावतेस गो?" बाबलनं कौतुकानं विचारलं.

काकीनं रोप त्याच्या छातीशी दाबलं.

"तुझ्याच दारात लाव रे बाबल. माझ्याकडे मोठी माणसं येतात."