सिमसिमाची गाठ

"जनावरांच्या या प्रयोगशाळेत तीस वर्षांत एक शब्दही खोटा बोलला गेलेला नाही!" डॉ. नबीह यांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं. तेवढ्यात फोन वाजला. "बायको असेल," ते शिपायाला म्हणाले. "बयूमी, सांग, साहेब गाढवाच्या शवविच्छेदनाला गेलेत."

समोर बसलेल्या मदाम इनायत हसल्या नाहीत. भर उन्हाळ्यातही डोक्याचा रुमाल त्यांनी भुवयांपर्यंत ओढून बांधला होता. पिशवीतून त्यांनी हलव्याचा रिकामा डबा काढला. आत कापसात गुंडाळलेली मेणाची वडी, आणि वडीत मांसाचा करडा कण.

डॉक्टरांना नवल वाटलं नाही. अलेक्झांड्रियात नमुने घरच्यांनीच या प्रयोगशाळेतून त्या प्रयोगशाळेत वाहायचे असतात. मागच्या आठवड्यात एकानं कुत्र्याचं यकृत लोणच्याच्या बरणीत आणलं होतं.

"कुणाचं हे?"

"सिमसिमाचं. माझी मांजर. मेंदूत गाठ आहे म्हणतात. तुकडा काढलाय."

"वय?"

"म्हातारी आहे. माझ्याएवढीच धरा."

"त्रास काय होतो?"

"डाव्या बाजूचं दिसत नाही. ताटातली अर्धी भाकरी तशीच राहते."

"ताटात जेवते?"

"लाडावलेली आहे हो."

"मग तिचे डॉक्टर काय म्हणाले?"

"ते माझ्या मुलाशी बोलतात. रअफत कागद कपाटात कोंडतो आणि म्हणतो, 'थोडी सूज आहे आई, उतरेल.' आमच्या घरात कुणाचाच आजार सांगत नाहीत. माणसाचा नाही, मांजराचा नाही. माझ्या नणंदेला शेवटपर्यंत अपचनच सांगितलं. मयतीला आलेलेसुद्धा अपचनच म्हणत होते." त्या पुढे झुकल्या. "ऑपरेशन करायचं म्हणतात. करावं की तिला सुखानं पडू द्यावं, ते मला ठरवायचंय. तुम्ही मांजरांच्या बाबतीत खरं बोलता, असं ऐकलं."

"मांजरांच्या बाबतीत, हो," डॉक्टर म्हणाले.

बयूमीनं मदाम इनायत यांच्या डाव्या हाताशी चहाचा पेला ठेवला होता. त्या गेल्या तेव्हा तो भरलेलाच होता. डॉक्टर पेल्याकडे बराच वेळ बघत बसले.

चार दिवसांनी मदाम इनायत पुन्हा आल्या. व्हरांड्यात टाके घातलेला एक कुत्रा गळ्यातलं प्लास्टिकचं भोंगं भिंतींवर आपटत फिरत होता. त्याच्याकडे बघत त्या थोडा वेळ थबकल्या, मग आत आल्या.

"चहा उजवीकडे ठेव," डॉक्टर बयूमीला म्हणाले.

या वेळी मदाम इनायत यांनी चहा घेतला.

"सांगा."

"गाठ मेंदूत नाही, मेंदूच्या आवरणावर आहे. रक्तात प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक फिरत असतं. ते किल्ली समजा. या गाठीच्या पेशींना त्या किल्लीची कुलपं आहेत का, ते मी पाहिलं. असतील तिथे तपकिरी रंग चढतो."

"आणि?"

"शंभर पेशींत ऐंशींना चढला."

त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे वाईट."

"उलट! अशी भरपूर कुलपं असलेली गाठ बहुतेक वेळा सावकाश वाढते, गरीब स्वभावाची असते. बिनकुलपाच्या गाठींची मला भीती वाटते."

"बहुतेक वेळा?"

"बहुतेक वेळा. हमी मी देत नाही, आणि ऑपरेशन म्हटलं की धोका आलाच. पण मला विचाराल तर काढून टाकावी."

"रअफतसारखं गोड बोलत नाही ना?"

डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शक त्यांच्याकडे वळवला. मदाम इनायत यांनी उजवा डोळा लावला आणि ओठ हलवत तपकिरी ठिपके मोजायला सुरुवात केली. तेहतिसावर त्या थांबल्या. रुमालाच्या टोकानं त्यांनी आधी भिंग पुसलं, मग डोळे.

"ऑपरेशनला हो म्हणते," त्या म्हणाल्या. "रअफतला आजच सांगते."

डॉक्टरांनी अहवालावर सही केली. नावाच्या रकान्यात त्यांनी 'सिमसिमा' लिहिलं. 'प्राणी' हा रकाना मात्र कोराच सोडला.

दारापाशी जाऊन मदाम इनायत वळल्या.

"डॉक्टर, एक विनंती होती. बाहेर त्या कुत्र्याच्या गळ्यात ते भोंगं आहे ना..."

"टाके ओरबाडू नयेत म्हणून घालतात."

"तेवढं मला घालू नका म्हणून चिठ्ठी द्याल? त्यावर रुमाल कसा बांधणार मी?"