मंत्रपुष्पांजली

अमेरिकेला येण्याआधीच विनीताच्या नवऱ्याने आडनाव बदलून घेतलं. इथे आल्यापासून ती आईला फोन करायची तो गराजमध्ये, गाडीच्या काचा वर करून. कारण आईचा पहिला शब्द ‘जय भीम’ असायचा. ईडन प्रेरी गावातल्या मराठी मंडळात गणपतीची आरती कशीबशी निभायची, पण मंत्रपुष्पांजली सुरू झाली की समोर उभ्या असलेल्या पुराणिक काकूंच्या तोंडाकडे बघत ती नुसतेच ओठ हलवायची.

यंदा मोदक वाटून झाल्यावर ती म्हणाली, “काकू, पुढच्या वर्षीपासून मी नाही येणार. दमले हो आता.”

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि तिचा हात घट्ट धरला.

“असं नको गं करूस. मग मी कुणाचे ओठ बघू?”