मान वर करून

नवशा कसारा घाटात जीआयपी रेल्वेचा चावीवाला होता. हातोडीनं रुळांच्या सैल झालेल्या चाव्या ठोकत त्याची उभी हयात मान खाली घालून चालण्यात गेली. श्रावणात नोकरी संपली, तरी सकाळी पाय घाटाकडेच वळायचे. आता नुसतीच हौस. एक दिवस बायको चिमाही निघाली आणि तिनं हनुवटीला धरून त्याची मान वर केली. समोरचा अख्खा डोंगर जांभळा झाला होता.

"ह्यो डोंगर असा कवा झाला गो?"

"दर सात वर्सांनी कारवी फुलते. तुमाला ठावं नाय?"

नवशा बघतच राहिला. मग तसंच डोळे भरून त्यानं चिमाकडे पाहिलं.

"आन् तुझे केस कवा पांढरे झाले?"

केसांवरून हात फिरवत चिमा हसली. "ही कारवी एकदाच फुलते."